लोटन पुना सापडत नाही

७ जुलै, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. टीबी शोधणारं एआयचं एक्स-रे मशीन आमच्या आरोग्य केंद्रात येतंय. पुनम मॅडम मीटिंगमध्ये म्हणाल्या, याचं सगळं बघायला एक जबाबदार माणूस हवा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा नुकताच आत येत होतो, तरी पाहिलं. पुनम मॅडम वयानं मला मुलीसारख्या, पण डॉक्टर आहेत आणि माणसं ओळखतात.

म्हणजे मी, प्रेमराज बोरसे, आरोग्य सहाय्यक, आता एआय समन्वयक. सारिकाला सांगितलं. ती म्हणाली, आधी स्वतःच्या खोकल्याचं बघा. बायकोला मोठ्या गोष्टी कळायला वेळ लागतो.

ठरवलं: पहाटे उठणे. एआय मुळापासून समजून घेणे. चहा कमी. जळगावात पिंप्राळ्याच्या घरून रावेरला जाताना बसमध्ये झोपायचं नाही, वाचायचं.

९ जुलै

ट्रेनिंग. मशीन हातात मावतं, मोठ्या कॅमेऱ्यासारखं. छातीचा फोटो काढायचा, कॉम्प्युटर लगेच सांगतो संशय आहे की नाही. संशयाच्या जागी लाल रंग येतो. पाड्यावर नेता येतं. म्हणजे जी माणसं सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाहीत, त्यांच्या दारात जाऊन टीबी पकडता येईल. मला भरून आलं.

दुसऱ्या सत्रात मशीनच्या मर्यादा, लोकांची माहिती गुप्त ठेवणं वगैरे होतं. नेमका खोकला आला, बाहेर गेलो. महत्त्वाचं सगळं पहिल्या सत्रात झालंच होतं.

बसमध्ये झोपलो. उद्यापासून नाही.

१५ जुलै, मंगळवार

सागपाड्यावर पहिलं शिबिर. सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. माणसं शाळेच्या आवारात जमली, पण मशीनसमोर कुणी उभं राहीना. मॅडम म्हणाल्या, समन्वयकांनीच सुरुवात करावी. मी छोटं भाषण केलं. घाबरण्यासारखं काही नाही, आजार लपवणारा माणूस घरच्यांचा वैरी असतो, इत्यादी. बायकांनी पदर तोंडाला लावून ऐकलं. मग शर्टाची वरची बटणं काढून उभा राहिलो.

आमचा टेक्निशियन, नवीन नावाचा पोरगा, त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत स्क्रीनकडे.

उजव्या बाजूला वर लाल. बऱ्यापैकी लाल.

मी नवीनला समजावलं की यात कंपनीनं नमुन्याचा फोटो घालून ठेवलेला असणार. तो म्हणाला, नमुन्याचा फोटो नसतो भाऊ. मॅडमनी लांबून विचारलं, काय आलं? मी म्हटलं, नॉर्मल. लोकांसमोर दुसरं काय म्हणणार? मोहीम पहिल्याच दिवशी बसली असती.

नवीन म्हणाला, फोटो डिलीट होत नाही, वर जातो. नाव टाकावंच लागेल. मी तोंडात आलं ते सांगितलं. लोटन पुना, सागपाडा. नवीननं टाकलं. हळूच म्हणाला, भाऊ, बेडका तेवढा तपासायला देऊन टाका.

तरुण पोरांना तांत्रिक बिघाड आणि आजार यातला फरक कळत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आईनं दारातच विचारलं. तिला आधी सांगून ठेवलं होतं ना, आज मशीन माणसाच्या आत बघणार म्हणून. "काय सांगं रे भाऊ मशीननी?"

म्हटलं, एकदम साफ.

आईनं देवापुढे साखर ठेवली. मग ओट्यावर बसून गल्लीतल्या बायकांना सांगितलं की मन्हा पोर्‍याले मशीननी पास करेल शे. आईचं माहेर धुळ्याकडचं. इतकी वर्षं जळगावात राहून तिची बोली तसूभर हलली नाही. सारिकानं साखर खाल्ली नाही.

१६ जुलै

शांतपणे विचार केला. लाल रंगाची कारणं:
शर्टाच्या खिशात पेन होतं. (नंतर आठवलं, नव्हतं.)
पाड्यावर ऊन फार होतं. मशीन तापलं.
केळीच्या बागांत फवारणी चालू आहे, तो धूर रोज छातीत जातो.
पंचवीस वर्षं टीबीवाल्यांच्या घरी जातोय, व्हायचा असता तर केव्हाच झाला असता.

शेवटचं कारण पक्कं. झोप चांगली लागली. घाम आला, पण जुलै आहे.

१८ जुलै

सागपाड्यावर पुन्हा. आज रांग होती. मशीननं दोघांवर बोट ठेवलं. एक उखर्डू आबा, वर्षभर खोकतोय आणि वर्षभर बाटलीतलं लाल औषध पितोय. दुसरी जमना. ती रावेरकडे केळीच्या पॅकिंगला जाते, अंगानं चांगली. तिला खोकलाही नाही. पण फोटो लाल. म्हणजे मशीनला दिसतं ते आपल्याला दिसत नाही, हेच तर एआय.

दोघांचे बेडके तपासायला पाठवले. उत्साहात जमनाचा मशीनसमोरचा फोटो आणि तो लाल एक्स-रे, दोन्ही ग्रुपवर टाकले. "खोकला नसतानाही टीबी पकडला. एआयची कमाल." खाली माझं नाव. ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचे होते, ते सागपाडा आरोग्य ग्रुपवरही गेले. एका अर्थी बरंच झालं, जागृती होते.

अंगठ्यांचा पाऊस पडला.

२३ जुलै

उखर्डू आबाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. औषध सुरू. मशीन नसतं तर म्हातारा पावसाळा काढता ना. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी म्हटलं, मशीनवर विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे. नवीन खाली बघून वायर गुंडाळत होता.

जमनाचा रिपोर्ट यायचाय.

पँट ढिली होतेय. चहा कमी केल्याचा परिणाम.

२८ जुलै, सोमवार

जमनाचा रिपोर्ट निगेटिव्ह. मॅडमनी एक्स-रे पाहिला, तिला जवळ बसवून विचारलं. लहानपणी मोठं दुखणं झालं होतं, त्याचा जुना व्रण. मशीनला जुनं नवं कळलं नाही.

जमनाचा नवरा बादल तिला घेऊन आला होता. तो फारसा बोलणारा नाही. त्यानं एवढंच सांगितलं की सासूनं तिची ताटवाटी वेगळी केली, गाडीवाला मुकादम तिला पॅकिंगला नेत नाही, लेकरू आजीजवळ ठेवलंय. मॅडम म्हणाल्या, आता रिपोर्ट चांगला आहे, तसं गावात सांगू. बादलनं मोबाइल काढून ग्रुपवरचा फोटो दाखवला. म्हणाला, "रिपोर्ट कुणी पाहिला? हा फोटो सगळ्यांनी पाहिला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. नंतर आत बोलावून जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. त्या तरुण आहेत, शब्द निवडायचं भान नसतं. फोटो काढून टाकायला गेलो तर फक्त माझ्याच मोबाइलवरून जात होता.

वाईट वाटलं. पण परतताना बसमध्ये एक मोठी गोष्ट लक्षात आली. मशीन चुकतं. धडधडीत निरोगी बाईला लाल दाखवतं. मग मला दाखवलं त्यात काय विशेष?

आठवड्यात पहिल्यांदा हलकं वाटलं. भुसावळला भजी खाल्ली. निम्मी टाकली.

३ ऑगस्ट, रविवार

घरी कानबाई देवी बसवली. आईनं रोट केले, पुरणाचा घाट घातला, भाऊबंद आले. आईची मांडी कानबाईपुढे दिवसभर हलली नाही. मी तिच्या शेजारीच. आरतीला माझा आवाज निघेना, खोकलाच निघाला. धूप फार होता. चुलतभाऊ म्हणाला, बारीक झालास रे. मी वजन कमी करण्यावर थोडं मार्गदर्शन केलं.

सारिका स्वयंपाकघरात म्हणाली, "अहो, तुम्ही खरंच तपासलं ना?" मी म्हटलं, मशीनवर विश्वास नाही तुझा? ती म्हणाली, मशीनवर आहे.

याचा अर्थ काय ते विचारायचं राहिलं.

७ ऑगस्ट

एआयचा दुसरा प्रयोग. फोनवरून कॉम्प्युटर घरोघर बोलणार, लक्षणं विचारणार. आवाज फार गोड, मराठी फार शुद्ध. "आपणास श्वसनाचा त्रास जाणवतो का?" पाड्यावर कुणाला कळलं नाही. पण कुणीतरी बाई इतकं अदबीनं विचारतेय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून सगळे हो म्हणाले. संध्याकाळी अहवाल आला. अख्खा सागपाडा आजारी. बादल गरोदर.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आमच्या आशा कार्यकर्तीला, रूपाताईंना, पुन्हा घरोघर पाठवलं.

मशीन चुकतं, याचा आणखी एक पुरावा. मी जपून ठेवलाय.

११ ऑगस्ट, सोमवार

गंभीर. जिल्ह्याहून यादी आली. ज्यांचे फोटो लाल आणि बेडका तपासलेलाच नाही अशी माणसं. आमच्याकडून एकच नाव. लोटन पुना, सागपाडा.

मॅडम म्हणाल्या, हा तर फार लाल आहे. हा घरात बसला तर घर घेऊन बसेल. बोरसे, हा तुम्ही शोधायचा. तुमच्याशिवाय कुणावर सोपवणार नाही.

विश्वास ठेवतात माझ्यावर.

१३ ऑगस्ट

सागपाड्यावर जाऊन शोध घेतला. शोध घेणं भाग होतं, रूपाताई बरोबर होत्या. चार घरं विचारलं. लोटन पुना कुणालाच माहीत नाही. चढावर धाप लागली, जमनाच्या दारासमोर टेकलो. तिनं पाणी दिलं. ग्लास परत घेतला नाही, म्हणाली राहू द्या तिथेच. तिला सवय लागली असेल वेगळ्या भांड्यांची.

मॅडमना अहवाल दिला: सदर इसम मजुरीसाठी सुरतेकडे गेल्याचे समजते.

१४ ऑगस्ट

मॅडम सुरतेच्या आरोग्य विभागाला कळवणार म्हणाल्या. पत्ता काढा, मुकादमाचा नंबर काढा.

लिहून दिलं: सदर इसम परत येण्यासाठी निघाल्याचे समजते.

नवीन स्टँडवर भेटला. म्हणाला, "भाऊ, मी नाव टाकलं, माझी नोकरी जाईल. पण तेही जाऊ द्या. घरी म्हातारी आई आहे तुमची." मी त्याला चहा पाजला आणि एआयचं भविष्य सांगितलं. त्यानं चहा प्यायला नाही. आजकालची पोरं चहा पीत नाहीत.

१९ ऑगस्ट, दुपार

निष्पक्ष मत हवं म्हणून मोबाइलवरच्या एआयला विचारलं. तो कुणाचा नातेवाईक नाही. लिहिलं: एका पन्नाशीच्या माणसाला दोन महिने खोकला, ताप, रात्री घाम, वजन कमी. त्यानं सरळ टीबी म्हटलं. उद्याच जा म्हणाला. घरच्यांचीही तपासणी करा म्हणाला.

प्रश्न नीट मांडला नव्हता. वजन चहामुळे कमी झालंय, ते काढलं. पुन्हा टीबी. घाम हवामानाचा, तोही काढला. पुन्हा टीबी, पण जरा सौम्य भाषेत. ताप मोजलेलाच नाही, म्हणजे तो शास्त्रीय दृष्ट्या नाही. काढला. दोन महिन्यांऐवजी "काही दिवस" केलं. फवारणी घातली. शेवटी विचारलं, फवारणीच्या धुरामुळे काही दिवस खोकला येऊ शकतो का?

म्हणाला, हो, येऊ शकतो.

हे खरं एआय. खाली त्यानं बरंच काही लिहिलं होतं, ते वाचलं नाही. मूळ मुद्दा स्पष्ट झाला होता.

२४ ऑगस्ट, रविवार

धुळ्याला गेलो. घरी सांगितलं, मामेभावाकडे. खरं म्हणजे शंका कायमची मिटवायची, म्हणून जिथे कुणी ओळखत नाही तिथे साधा एक्स-रे काढला. साध्या मशीनला एआय नसतं, ते उगाच लाल करत नाही. नाव विचारलं. लोटन पुना.

तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टवर उजवीकडे वर डाग लिहिलाय आणि शेवटी टीबीची शंका असं लिहून प्रश्नचिन्ह दिलंय. मला अचानक बरं वाटलं. प्रश्नचिन्ह म्हणजे त्यांनाही खात्री नाही. खात्री नाही म्हणजे जवळजवळ नाही.

रिपोर्ट बस स्टँडवरच्या कचराकुंडीत टाकला. परत जाऊन काढला. मग पुन्हा टाकला.

रुमालावर लाल ठिपका. हिरडी कमजोर आहे.

२५ ऑगस्ट

ठरवलं. गणपती झाले की बेडका तपासायला द्यायचा. म्हणजे आता चर्चा बंद.

आई म्हणाली, "माले आसं वाटस तू काही लपाडस." म्हटलं, मशीन खोटं बोलतं का? तिचं लगेच समाधान झालं. तिनं माझ्या छातीला लसणाचं तेल चोळलं. बराच वेळ. मी तिच्या तोंडावर खोकलो एकदा, ती म्हणाली, खोक, मोकळं होऊ दे.

१ सप्टेंबर, सोमवार

आज लोटन पुना सापडला. मी शोधला नाही, दुसऱ्या पथकानं शोधला. रावेरला केळीच्या ट्रकवर क्लीनर आहे. नाव खरोखर लोटन, बापाचं नाव पुना. त्याला गाडीवरून उतरवून आणला. तो रडकुंडीला आलेला, मला सोडा, गाडी दिल्लीला जातेय. मी कोपऱ्यात उभा. मनात म्हटलं, देवा, याला असू दे. लिहिल्यावर बरं दिसत नाही, पण म्हटलं.

त्याचा फोटो काढला. छाती आरशासारखी स्वच्छ.

मॅडमनी जुना फोटो शेजारी लावला. म्हणाल्या, हा तो नाही. आणि मग हळूच म्हणाल्या, हे बघा, जुन्या फोटोत डाव्या खांद्याजवळ, हंसळीच्या हाडावर धातूची पट्टी आहे, ऑपरेशनची. पाड्यावर असं ऑपरेशन झालेला कोण आहे?

मी वरचं बटण लावलं.

माझा स्कूटरचा अपघात नशिराबादजवळ झाला होता, सहा वर्षांपूर्वी. मॅडम तेव्हा इथे नव्हत्या. बाकी सगळे होते. सगळे गप्प बसले. स्टाफ आपला चांगला आहे.

२ सप्टेंबर

रजा टाकली. ताप. तापात निर्णय घेऊ नये.

९ सप्टेंबर

आई खोकतेय. म्हणाली, "माले बी सरदी व्हयनी वाटस." म्हटलं, हवामान बदललंय.

तिला दुपारी कढण दिलं. ताट पुरं झालं नाही तिचं.

११ सप्टेंबर

आई अजून खोकतेय. ओट्यावर न बसता आत पडून असते. हाताला लागली तेव्हा गरम लागली.

मोबाइलवरच्या एआयला विचारायला घेतलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, इतकं लिहिलं आणि बोट थांबलं. पुढे काय लिहिलं की तो काय म्हणेल ते मला आता पाठ आहे. मोबाइल उलटा ठेवला.

रजा वाढवलीय. मॅडमचा फोन आला. उचलला नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

पिंप्राळ्यात शहराच्या पथकाचं शिबिर होतं, तसलंच मशीन. मला माहीत होतं. सारिकाला मी सांगितलं नव्हतं, तिला कुठून कळलं माहीत नाही. मी बाहेर गेल्यावर ती आईला रिक्षात घालून घेऊन गेली.

संध्याकाळी घरात शिरलो तर सारिका म्हणाली, लाल आलंय. बेडका दिलाय.

मी म्हटलं, मशीन चुकतं. जमनाची गोष्ट सांगायला लागलो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाली, "आणि तुमचं? तुमच्यावेळी ते बरोबर होतं का चूक?"

आई आतून म्हणाली, त्याला जेवू दे आधी.

१७ सप्टेंबर

आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह.

लिहवत नाही.

१८ सप्टेंबर

पथकाच्या सिस्टर घरी आल्या. घरात आणखी कुणाला खोकला आहे का विचारलं. सारिका माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, मला थोडासा आहे. हे वाक्य मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो. थोडासा.

बेडका दिला. डबीवर नाव लिहायचं होतं. प्रेमराज लिहिलं.

२० सप्टेंबर, शनिवार

पॉझिटिव्ह. सारिकाचा फोटो साफ आहे.

पुनम मॅडमना फोन लावला. म्हटलं, मॅडम, लोटन पुना सापडला. त्या म्हणाल्या, कुठे? म्हटलं, पिंप्राळ्यात.

मग म्हणाल्या, "मला दोन आठवड्यांपासून वाटत होतं, बोरसे. मी फोन करत होते." आणि विचारलं, आईंचं वजन किती आहे, त्यांना साखर आहे का, गोळ्या कुणी सुरू केल्या. माझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नवीनचं नाव मी घेतलं नाही, एवढं लिहून ठेवतो. म्हणजे मी सगळंच वाईट वागलो असं नाही.

मग त्या म्हणाल्या, तुमचा फोटो मशीननं जुलैत काढला होता. तेव्हा सुरू झालं असतं तर आतापर्यंत...

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. रेंज गेली असेल.

२४ सप्टेंबर

दोघांच्या गोळ्या सुरू. आईला झेपत नाहीत. सकाळी घेतल्या, उलटून पडल्या. डॉक्टर म्हणाले, वय आहे, अंगात काही राहिलेलं नाही, बघू. बघू हा शब्द मी लोकांना फार वेळा म्हटलाय. तो इतका लहान आहे हे माहीत नव्हतं.

माझ्या लघवीचा रंग केशरी झालाय. औषध लागू पडल्याची खूण नाही ती, नुसता रंग आहे, हे मला माहीत आहे. तरी बरं वाटलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज आई उठून बसली. मला जवळ येऊ देईना. हातानं लांब हो म्हणाली. मग रडायला लागली. आईला मी वडील गेले तेव्हाच रडताना पाहिलंय.

म्हणाली, "तुले तं मशीननी साफ सांगेल व्हतं. माले बुढीले कोठून लागनं देवले ठावं. मन्हामुयेच तुले हाई व्हयनं रे भाऊ."

मी औषधाचं पाकीट हातात घेऊन उभा होतो.

ती म्हणत राहिली की तेल चोळताना तिनं तोंड बांधायला हवं होतं. तिला कळलं नाही. पोराच्या घरात आपण हे आणलं. सारिका तरी वाचली, ही कानबाईची कृपा.

सारिका मला बाहेर घेऊन गेली. आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी म्हटलं, मीच सांगतो. माझी आई आहे.

आज लगेच नको. डॉक्टर म्हणालेत, तिला त्रास होईल असं काही करू नका.

२८ सप्टेंबर, रविवार

सांगणार होतो. ती झोपली होती.

३० सप्टेंबर

आईनं स्वतःची ताटवाटी वेगळी काढली. नको म्हटलं तरी ऐकत नाही. डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नाही, दोघांनाही एकच आजार आहे, हे मी तिला नीट समजावलं. ती म्हणाली, तू बरा होई राह्यना, मन्हापाईन पुन्हा नको.

दुपारी ती भिंतीला धरत ओट्यावर गेली आणि तिथे एकटी जेवली. ऊन होतं.

मी आत जेवलो.